आईचा इतवारीचा रस्ता

गेल्या ऑक्टोबरात दसरा आटोपून दिवाळी तोंडावर आली होती, तेव्हा बडकस चौकात एका मोटारसायकलच्या हँडलला आईच्या पिशवीचा बंद अडकला. आई पडली नाही, पण पिशवी गेली. आतला स्टीलचा डबा घरंगळत रस्त्याच्या मधोमध गेला आणि मावशीसाठी नेलेल्या चकल्या सगळीकडे सांडल्या. गाडीवाला अर्थातच थांबला नाही. एका कापड दुकानदाराने आईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मला फोन लावला. मी पोचलो तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली ते असं: "डब्बा चेपला रे."

त्यानंतर तिचं मावशीकडे पायी जाणं बंद झालं. आम्ही घरच्यांनी बंद केलं असंही म्हणता येईल.

आई 71 वर्षांची. आमचं घर महालात, गांधी गेटच्या आत. मावशी इतवारीत, शहीद चौकाच्या अलीकडे. अंतर सव्वा ते दीड किलोमीटर, कुठून जाल त्यावर. आठवड्यातून दोनदा आई तिकडे जायची आणि दुपारी जेवून यायची. या जाण्यावर तिचं बरंच काही अवलंबून होतं, हे ते बंद झाल्यावर आम्हाला कळलं. महिनाभरात गुडघे आखडले, झोप बिघडली, आणि टीव्हीचा आवाज दोन घरं पलीकडे जाऊ लागला. ई-रिक्षाने जा म्हटलं तर तिला ते पटेना. एक तर तो मोठ्या रस्त्यावरच सोडतो, आणि दुसरं म्हणजे, "बसून जायचं तर घरीच बसतो ना मी."

मी शाळेत भूगोल शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीत हाताशी वेळ होता. महाल ते इतवारी असा कमी रहदारीचा रस्ता शोधायचा, तो आईच्या वेगाने चालून बघायचा, आणि तिला एकटीने जाता येईल इतका पक्का करायचा असं मी ठरवलं. पुढचं सगळं त्या शोधाबद्दल आहे. माझा अंदाज बऱ्याच ठिकाणी चुकला, तेही त्यात आलंच.

मधला रस्ता

नागपूर ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. देवगडच्या बख्त बुलंद शाहने 1702 मध्ये बारा खेडी जोडून हे शहर वसवलं असं सांगतात. त्याचा मुलगा चांद सुलतान याने भोवती कोट बांधला आणि जुम्मा तलाव केला. तोच आजचा शुक्रवारी तलाव, म्हणजे गांधीसागर. कोटाचा जुम्मा दरवाजा आज गांधी गेट म्हणून उभा आहे. पुढे भोसल्यांनी आत वाडे बांधले. पेठांना बाजाराच्या वारांची नावं पडली. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी. अशा वस्तीत सरळ गल्ली अपवादानेच सापडते. एखादी वाड्याच्या भिंतीला वळसा घालते, एखादी विहिरीपाशी येऊन संपते, एखादी कुणाच्या तरी अंगणातून जाते आणि ते अंगण आहे की रस्ता यावर तीन पिढ्या भांडण चालू असतं.

या जुन्या शहराला आडवा छेद देत पूर्व-पश्चिम जातो तो सेंट्रल अव्हेन्यू. महाल त्याच्या दक्षिणेला, इतवारी उत्तरेला. महालातून इतवारीत कुठूनही जा, हा रस्ता ओलांडावाच लागतो. त्यावर आता मेट्रोचे खांब आहेत. सीताबर्डी ते प्रजापतीनगर हा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला. अग्रसेन चौक, चितार ओळी चौक ही स्थानकं डोक्यावर, आणि खाली ट्रक, बस, ऑटो, ई-रिक्षा, हातगाड्या आणि उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले.

पहिले चार-पाच दिवस मी गल्ल्यांचाच विचार करत होतो. कुठली रुंद, कुठली अरुंद, कुठे गट्टू, म्हणजे रस्त्यात बसवलेले सिमेंटचे ठोकळे, उखडलेले, कुठे गडरचं, म्हणजे गटाराचं, झाकण वर आलेलं. वहीत नकाशा काढला, रंग भरले. शाळेतल्या पोरांना दाखवावा असा झाला होता. पण तो नकाशा सेंट्रल अव्हेन्यूपर्यंत येऊन थबकायचा आणि पलीकडे पुन्हा सुरू व्हायचा. मधल्या पाऊण इंचाच्या पट्ट्यात मी काहीच लिहिलं नव्हतं. आईचा प्रश्न नेमका त्या पट्ट्यात होता.

तीन वाटा

पहिली वाट फोनवरच्या नकाशाने दाखवली. बडकस चौक टाळून, वाड्यांच्या मागून, निळ्या ठिपक्यांची. ठिपके जिथून जात होते तिथे प्रत्यक्षात लोखंडी फाटक होतं आणि फाटकाला कुलूप. आत तुळशीवृंदावन, वाळत घातलेल्या गोधड्या. एक काकाजी ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मोबाइलवाले रोज येतात. वापस फिरा." त्यांचा आवाज थकलेला होता, चिडलेला नव्हता. बहुधा जेवण पोचवणारी पोरं याच फाटकापाशी येऊन अडत असावीत.

दुसरी वाट मी स्वतः शोधली आणि तिचा मला अभिमान होता. सगळ्यात शांत. दोन माणसं शेजारी चालली की गल्ली भरायची, त्यामुळे ऑटो शिरायचा प्रश्नच नाही. ही माझी चाचणीच होती: जिथून ऑटो निघत नाही ती गल्ली पास. दोन्ही बाजूंना पडीक वाडे, छपराचे कवेलू खाली आलेले, सागवानी खांबांना वाळवी, दारांवर वारसांच्या भांडणाची कुलपं. पुढे गोदामांच्या मागच्या भिंती. वीस मिनिटांत दोन सायकली आणि एक दूधवाला, एवढीच रहदारी. मी खूश होऊन आईला घेऊन गेलो.

ती गल्लीच्या तोंडाशीच थांबली. "इथून मी एकटी जाऊ?"

"गाडी येत नाही इथं."

"माणूस तरी येते का?"

मी ज्याला शांत म्हणत होतो त्याला ती सुनसान म्हणत होती, आणि बरोबर म्हणत होती. या गल्लीत ती पाय घसरून पडली असती तर कुणी खुर्ची दिली नसती. वर तीन कुत्री गोदामाच्या पायरीवर झोपली होती. माझ्याकडे त्यांनी एक डोळा उघडून पाहिलं होतं. आईच्या पिशवीकडे मात्र तिघंही उठून आली.

तिथून मी चाचणी बदलली. ऑटो शिरत नाही एवढं पुरेसं नाही, दर वीस-पंचवीस पावलांवर एक उघडं दार हवं. शिवणयंत्र, पानठेला, इस्त्रीवाला, ओट्यावर तांदूळ निवडणारी बाई, काहीही. चालणाऱ्याला यांचा अडथळा होत नाही, आधारच होतो.

तिसरी वाट अशी उघड्या दारांची निघाली. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पूर्वेला, मग मारुतीच्या एका छोट्या देवळाजवळून उत्तरेला, लोखंडी जाळी टाकून बंद केलेल्या विहिरीला डावी घालून, आणि चितार ओळीच्या थोडं बाजूने सेंट्रल अव्हेन्यूवर. मोठ्या रस्त्याने आईला पंचवीस मिनिटं लागायची, या वाटेने बत्तीस लागली. देवळाचा ओटा बसायला बरा, उंचीही तिच्या गुडघ्याला मानवणारी. सिमेंटचा रस्ता मात्र घरांच्या जोत्यापेक्षा वर आलेला, म्हणून कडेला एक वीतभर पायरी तयार झाली होती. समोरून गाडी आली की चालणारा त्या पायरीवरून खाली उतरतो, आणि उतरताना पाय मुरगळतो. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची 2012 ची मार्गदर्शिका सांगते की फूटपाथवर चालायला निदान 1.8 मीटर मोकळी जागा असावी आणि कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. आमच्या गल्लीची अख्खी रुंदी कुठे कुठे 1.8 मीटरला जेमतेम पोचते. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यायले सांग, मी पावणेदोनमध्ये भागवते."

आणखी एक गोष्ट मला अजिबात सुचली नव्हती. गल्ली शांत असली की कान आपोआप डोळ्यांचं काम करतात. मागून स्कूटर येते आहे हे आईला आवाजावरून कळतं आणि ती भिंतीकडे सरकते. पण ई-रिक्षा आणि बॅटरीची स्कूटर आवाज करत नाही. तिसऱ्या वाटेवर ती दोनदा दचकली, आणि दोन्ही वेळा गाडी बॅटरीची होती. मोठ्या रस्त्यावर तिला मागून येणाऱ्या गाडीची भीती कमी वाटते, कारण तिथे ती सतत मागे बघतच असते.

"मी काय चोर आहो का?"

वाट सापडली, पण आई तिच्यावर यायला तयार होईना. दोनदा माझ्याबरोबर आली, तिसऱ्यांदा गुडघ्याचं निमित्त केलं. मग एक दिवस चपला घालता घालता थांबली आणि म्हणाली, "मी काय चोर आहो का बाप्पा, मांगच्या गल्लीनं जायले?"

मी हसलो. ती हसली नाही.

तिचं लग्न होऊन ती इतवारीतून महालात आली तेव्हा आमच्या घरात आजीचं राज्य होतं. सुनेने माहेरी जायचं तर डोक्यावर पदर घेऊन, मागच्या गल्ल्यांनी जायचं. बडकस चौकातून नाही, चितार ओळीतून नाही, जिथे पुरुषमाणसं पानठेल्यावर उभी असतात तिथून तर नाहीच. कितीतरी वर्षं ती अशीच जायची. मी ज्या विहिरीला डावी घालून जा म्हणत होतो, त्या विहिरीवर बसून ती एकदा रडली होती, हे तिने त्या दिवशी सांगितलं. आजी गेल्यानंतर पहिल्यांदा ती बडकस चौकातून सरळ चालत गेली, मधे थांबून एका दुकानात बांगड्या पाहिल्या, घेतल्या नाहीत, आणि तशीच इतवारीला पोचली. "त्या दिवशी मावशी म्हणे, आज लवकर आली काहून? म्हटलं, सरळ आली."

मी रंग भरून काढलेला नकाशा म्हणजे तिच्या सासूचा नकाशा होता.

हे ऐकल्यावर काम थोडं वेगळं झालं. वाहतुकीच्या दृष्टीने म्हाताऱ्या माणसाला गल्लीतून वळवणं शहाणपणाचं दिसतं. पण मोठ्या रस्त्यावरची रहदारी आवरायच्या ऐवजी आपण चालणाऱ्यालाच आत ढकलतो, हेही खरं. मला आईला सुखरूप इतवारीत पोचवायचं होतं आणि तिला बाजार पाहत, चार ओळखीच्यांना "काय म्हणता" करत पोचायचं होतं. या दोन गोष्टी एका वाटेत बसवाव्या लागणार होत्या.

चौक की मधला भाग

आता तो पाऊण इंच.

आधी साहजिकच सिग्नलच्या चौकातून ओलांडायचं ठरवलं. पांढरे पट्टे असतात, गाड्या थांबतात, चार लोक बरोबर असतात. पण चौकात उभं राहून अर्धा तास पाहिलं तेव्हा अडचण लक्षात आली. लाल दिव्याला थांबतात त्या समोरच्या गाड्या. आईच्या पाठीमागून, महालाच्या बाजूने येऊन वळणाऱ्या गाड्या मात्र थांबत नाहीत, आणि त्या तिच्या खांद्यामागून येतात. चौकात चालणाऱ्याला तीन-चार दिशांवर लक्ष ठेवावं लागतं, त्यातली एक दिशा डोक्याच्या मागे.

चौकापासून दूर, दुभाजकात जिथे माणसांना जायला फट आहे तिथे गाडी एका वेळी एकाच बाजूने येते. सिग्नल सुटला की गाड्यांचा घोळका येतो, तो गेला की काही सेकंद रस्ता मोकळा असतो. शेजारच्या दुकानातली पोरं चहाचे ग्लास घेऊन बरोबर त्या मोकळ्या सेकंदांत पलीकडे जातात. घड्याळ बघत नाहीत, घोळक्याचं शेपूट बघतात.

पण ती पोरं आहेत. सिग्नलच्या वेळा ठरवताना चालणाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण 1.2 मीटर धरतात. आईचा वेग मी दोन विजेच्या खांबांमधलं अंतर मोजून काढला होता, तो 0.8 भरला. एका बाजूचा रस्ता माझ्या पावलांनी चौदा, म्हणजे दहा मीटरच्या आसपास. पोरांच्या वेगाने आठ-साडेआठ सेकंद, आईच्या वेगाने साडेबारा. हा चार सेकंदांचा फरक कागदावर फार वाटत नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहून मनातल्या मनात चार आकडे मोजा आणि तेवढ्यात किती मोटारसायकली गेल्या ते पाहा.

मेट्रो स्थानकात चढायचं आणि पलीकडे उतरायचं, असाही एक विचार डोक्यात आला होता. आईने वर पाहिलं, जिना पाहिला आणि म्हणाली, "रस्ता ओलांडायले आभाळात जायचं का?" विषय संपला.

मग आम्ही नुसते कडेला उभं राहून सराव केला. ओलांडायचं नाही, फक्त "आता" म्हणायचं. गाडी येत नाही असं वाटलं की तिने "आता" म्हणायचं, आणि मी पाहायचं की खरंच जागा आहे का. दहातल्या तीन-चार वेळा ती चुकली. दुभाजकापाशी उभी राहून दुसऱ्या अर्ध्यासाठी हाच खेळ केला तर ती जवळजवळ चुकलीच नाही. मला कळेना. थकवा म्हणावा तर पहिल्याच अर्ध्यात कसा?

उत्तर डोळ्यात होतं. तिच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वी काढलेला. उजव्याचा "पिकला नाही, थांबू" म्हणून राहिलेला. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे कुठलाही दुपदरी रस्ता ओलांडा, पहिल्या अर्ध्यात गाडी नेहमी उजवीकडून येते. महालाकडून जाताना उजवीकडून आणि इतवारीकडून परत येतानाही उजवीकडूनच, कारण तोंड फिरलेलं असतं. आईला पहिला अर्धा रस्ता नेहमी तिच्या धूसर डोळ्याने पार करावा लागत होता. बडकस चौकातली ती मोटारसायकल कुठल्या बाजूने आली होती, असं मी विचारलं. तिने उजव्या हाताने पिशवी धरल्याची नक्कल केली.

तात्पुरता उपाय सोपा होता: मान वळवायची नाही, अख्खं अंग उजवीकडे वळवायचं, म्हणजे डावा डोळा गाडीवर येतो. नवरात्रातल्या फुगडीसारखी ती अर्धी गिरकी घ्यायची. शेजारचा पानठेलेवाला पहिल्या दिवशी गोंधळला. त्याला वाटलं काकूंचं काही पडलं. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच हात वर करून दुचाकीवाल्यांना थांबवू लागला. नियमात त्याचा हात बसत नाही, पण आमच्या नोंदवहीत बसतो.

फट निवडताना मी एक गोष्ट आग्रहाने पाहिली. मेट्रोचा खांब दुभाजकात असेल तर त्याच्या आडोशाला उभं राहायला जागा मिळते. मोकळ्या दुभाजकावर माणूस दोन्हीकडच्या गाड्यांच्या मधे तरंगल्यासारखा उभा राहतो आणि घाई करतो. खांबाला हात टेकला की घाई कमी होते. आईने तर पहिल्याच दिवशी खांबाला पाठ लावून पिशवीतली पाण्याची बाटली काढली. मला घाम फुटला, ती मात्र निवांत.

ऋतू

डिसेंबरपासून आई जाऊ लागली. आधी मी पन्नास पावलं मागे, मग पलीकडच्या बाजूने, मग नाहीच. महालातल्या अर्ध्या वाटेला तिने मारुतीच्या देवळापर्यंत गल्ली पत्करली, विहिरीची गल्ली सोडून दिली आणि त्याऐवजी चितार ओळीतून जाऊ लागली. इतवारीत शिरल्यावर मात्र सरळ बाजारातून. हमालाने "साइड, साइड" म्हटलं की दुकानाच्या पायरीवर चढायचं, एवढं तिला लहानपणापासून येतं.

फेब्रुवारीत उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. या सगळ्या खटाटोपाचा सर्वांत मोठा फायदा तोच म्हणेन. रस्ता शोधायला निघालो नसतो तर डोळा अजून "पिकायची" वाट बघत राहिला असता.

उन्हाळ्याने वेगळाच धडा दिला. नागपुरात 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंशांवर गेला होता. तेवढं दर वर्षी होत नाही, पण 45 होतंच. महालातल्या दक्षिण-उत्तर गल्ल्यांमध्ये सकाळी पूर्वेच्या भिंतीची आणि दुपार कलल्यावर पश्चिमेच्या भिंतीची सावली मिळते. पूर्व-पश्चिम गल्लीत भर उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरूनच जातो, भिंतीचा काही उपयोग नाही. आणि 26 मेच्या आसपास तर नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच पडते. मी दर वर्षी हे मुलांना काठी रोवून दाखवतो. यंदा तो मेट्रोचा खांब आठवला. आईचा आडोसा तिच्या परतीच्या वेळी काहीच सावली देत नव्हता. एप्रिल-मेमध्ये मावशीकडून निघायचं ते पाचनंतर, किंवा मुक्काम. तिने मुक्काम निवडला. दोघी बहिणी रात्री गच्चीवर झोपायच्या आणि सकाळी मला फोन यायचा, "आज येत नाही."

पावसाळ्यात गट्टूंखाली पाणी साचतं. वरून कोरडा दिसणारा गट्टू पाय पडला की पिचकारी मारतो. यावर उपाय नाही, चपला बदलल्या. आणि गणपतीच्या आधी चितार ओळीत मूर्तिकारांच्या ताडपत्र्या रस्त्यापर्यंत येतात, मूर्ती बघायला आणि न्यायला गर्दी लोटते. तेवढे दिवस चितार ओळी बंद, विहिरीची गल्ली पुन्हा चालू. आईने ते मान्य केलं, पण "गणपतीसाठी जातो, तुझ्यासाठी नाही" असं बजावून.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, इतवारीत जायचंच नाही असा माझा नियम होता. त्या दिवशी मारबत निघते, म्हणजे रोगराई आणि वाईट सगळं घेऊन जावं म्हणून मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत 1881 पासूनची, जागनाथ बुधवारीची पिवळी 1885 पासूनची. दोघींची भेट बघायला अख्खं नागपूर त्या भागात लोटतं. कमी रहदारीचा रस्ता शोधणाऱ्याने त्या दिवशी घरी बसावं. आई आदल्या दिवशीच मावशीकडे जाऊन बसली. दुपारी फोनवर मागे ढोल-ताशे आणि "घेऊन जा गे मारबत" ऐकू येत होतं. ती ओरडून सांगत होती की गॅलरीतून सगळं दिसते, आणि मी काहून आलो नाही.

नोंदवहीतलं शेवटचं पान

सप्टेंबरात मी हे प्रकरण नीट लिहून काढायला घेतलं. आपल्या वाटेचा शेवटचा नकाशा काढायचा म्हणून आईला म्हटलं, आज कशी गेलीस ते सांग. मारुतीपासून की विहिरीपासून?

"बडकस चौकातून."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"सकाळी साडेआठले निघाली. दुकानं बंद, कोणी नाही. गल्लीत तर शाळेच्या व्हॅना राहतात त्या टायमाले, अन् नळ आला की बाया गाड्या धुतात. चौक मोकळा होता." मग थोडं थांबून, "खांबापाशीच ओलांडलं. तो पानठेलेवाला अजून आला नव्हता."

मी दुसऱ्या दिवशी साडेआठला स्वतः जाऊन पाहिलं. इतवारीची दुकानं अकराच्या सुमारास उघडतात, त्याआधी शटर खाली, रस्ता झाडला जात होता. बडकस चौकात एक गाय मधोमध बसली होती. मारुतीच्या गल्लीत एका व्हॅनसमोर दुसरी व्हॅन अडकली होती आणि दोन्ही ड्रायव्हर बाहेर येऊन एकमेकांना मागे घ्यायला सांगत होते. दिवाळीच्या सुट्टीत मी याच गल्लीत याच वेळी बसून गाड्या मोजल्या होत्या. शाळा बंद होती, म्हणून व्हॅन नव्हत्या. मी स्वतः मास्तर असून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

नकाशावर मी आता दोन रंग केले आहेत: अकराच्या आधीचा लाल, नंतरचा हिरवा. अकराच्या आधीची रेघ बडकस चौकातून सरळ जाते. आईला दाखवला तर तिने चष्मा न लावता पाहिला, उजव्या डोळ्यासमोर धरून, आणि विचारलं की बांगड्यांचं दुकान कुठे आहे यात.